रिकाम्या वाफ्यातील ठेव

मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने एक आदेश काढला. मोटारी धुणे, कारंजी चालविणे, बांधकाम करणे यांच्या जोडीनेच बागेला पिण्याचे पाणी घालण्यासही त्या आदेशाने मनाई केली आणि नियम मोडणाऱ्यास ५,००० रुपये दंड ठरविला. उद्याननगरी म्हणून जिची देशभर ख्याती, त्या नगरीत झारी हाती घेणे दंडनीय ठरावे, यातील विपर्यास अनेकांच्या मनाला चटका लावून गेला. परंतु आदेश अनाठायी होता, असेही म्हणता येत नाही. कूपनलिका आटल्या होत्या आणि टँकरची वाट पाहण्यात दिवस जात होते. त्यापूर्वी २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. २०१९ मध्ये चेन्नईसाठी जोलारपेट्टईहून तशीच गाडी धावली. ज्या घरात पिण्याचे पाणी मोजून भरले जाते, त्या घराच्या अंगणात फुलझाडांना पाणी घालताना हात आखडतो आणि मनही ओशाळते.

अशा वेळी सहसा दोनच मार्ग सुचविले जातात. एक म्हणजे बागेचा नाद सोडून अंगणाला फरशी बसवून घ्यावी. दुसरा म्हणजे निवडुंगाच्या कुंड्या मांडाव्यात. निवडुंगाविषयी कोणाचे वाकडे असण्याचे कारण नाही. परंतु सणावाराला चार फुले घरची असावीत, सकाळी अंगणात रंग दिसावेत, ही साधी हौस त्याने भागत नाही. तिसराही एक मार्ग आहे. तो अत्यंत जुना असून निसर्गाने कोरड्या प्रदेशांत स्वतःच अवलंबिलेला आहे. त्या प्रदेशांतील हंगामी रानफुले बियांपासून वाढवावीत, हा तो मार्ग होय. कमी खर्चाची आणि कमी पाण्याची ही बाग साधते मात्र एका अटीवर. वर्षातील काही महिने वाफा रिकामा पाहण्याची तयारी हवी.

दुष्काळाला तोंड न देणारी झाडे

कोरड्या ऋतूत तग धरण्याच्या वनस्पतींच्या नाना तऱ्हा आहेत. निवडुंग आपल्या खोडात पाणी साठवितो. बाभूळ खोलवर मुळे धाडून ते मिळविते. हंगामी रानफुले मात्र या भानगडीत पडतच नाहीत. पाऊस पडला की उगवायचे, दोन-तीन महिन्यांत फुलायचे, बी टाकायचे आणि मरून जायचे, एवढाच त्यांचा क्रम. जेव्हा दुष्काळ असतो तेव्हा झाड नसतेच, असते ते केवळ बी. आणि चांगल्या वाळलेल्या बीला पाण्याची गरज जवळजवळ नसते. म्हणजेच आपण ज्यांना दुष्काळ सोसणारी फुले म्हणतो, त्यांतील पुष्कळशी दुष्काळ सोसत नाहीत. ती तो बीजरूपाने झोपून काढतात.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात डेथ व्हॅली नावाचे खोरे आहे. तेथे वर्षाकाठी सरासरी दोन इंचांच्या आसपास पाऊस पडतो. एरवी तेथे दगडगोटे आणि रेती यांवाचून काही दिसत नाही. परंतु १९९८, २००५ आणि २०१६ या वर्षी याच खोऱ्यात मैलोन् मैल पिवळ्या-जांभळ्या फुलांचे गालिचे पसरले. ही फुले कोठून आली नव्हती. त्यांचे बी तेथेच मातीत पडून होते.

हे बी पावसाच्या पहिल्याच शिडकाव्याला का फसत नाही, याचा शोध फ्रिट्स वेंट या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या मध्यास घेतला. त्याला असे आढळले की, पावसाची एखादी हलकी सर या बियांना जागी करीत नाही. किमान अर्धा इंच आणि खरे तर एक-दोन इंच पाऊस झाला, तरच त्या रुजतात. गंमत अशी की, माती खालून ओली केली तर पाणी पुरेसे असूनही बी ढिम्म राहते. पाणी वरूनच, पावसासारखे पडावे लागते. यामागील कारण असे की, पुष्कळशा बियांच्या कवचात उगवण रोखून धरणारी द्रव्ये असतात. ती धुऊन जाण्याइतका पाऊस पडल्याखेरीज कुलूप उघडत नाही. जणू बीजवळ पर्जन्यमापकच असते!

याहून विस्मयकारक बाब पुढे उघड झाली. भरपूर पाऊस पडला तरीही मातीतील सर्व बी उगवत नाही. काही उगवते आणि उरलेले, सर्व परिस्थिती अनुकूल असूनही, तसेच पडून राहते. हा निसर्गाचा आळस म्हणावा काय? जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील डॅन कोहेन यांनी १९६६ मध्ये याचे गणिती उत्तर मांडले आणि ते उत्तर बँकेच्या खातेदारास चटकन उमगावे असेच आहे.

समजा, एखाद्या जातीचे १०० बी मातीत आहेत. चांगल्या वर्षी उगवलेले प्रत्येक बी १० नवे बी देते. वाईट वर्षी उगवलेले झाड बी न देताच करपून जाते. आता पहिली दोन वर्षे चांगली आणि तिसरे वाईट असे धरू. दर वर्षी सर्वच्या सर्व बी उगवणाऱ्या जातीचा हिशेब असा : १०० चे १,०००, त्याचे १०,००० आणि तिसऱ्या वर्षी शून्य. खाते कायमचे बंद. याउलट दर वर्षी निम्मेच बी उगवणाऱ्या जातीचे पहिल्या वर्षाअखेर ५५० होतात, दुसऱ्या वर्षाअखेर ३,०२५ होतात आणि तिसऱ्या, वाईट वर्षानंतरही १,५१२ हाती उरतात. पडून राहिलेले थोडे बी कुजते किंवा किडते, ते येथे धरलेले नाही, पण त्याने निष्कर्षात फरक पडत नाही. पहिल्या जातीची वाढ दोन वर्षे डोळे दिपविणारी होती. टिकली मात्र दुसरी. ज्या प्रदेशात पावसाची खात्री कमी, तेथे राखीव बीचे प्रमाण अधिक असावे, असे या गणितातून निघते. ॲरिझोना राज्यातील टुसॉन शहराजवळच्या वाळवंटी टेकडीवर १९८० च्या दशकापासून हंगामी रानफुलांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या जात आहेत. ज्या जातींचे नशीब वर्षागणिक अधिक हेलकावे खाते, त्या जाती बी अधिक राखून ठेवतात, असेच त्या नोंदींवरून २००७ मध्ये दाखविण्यात आले. मातीतील अशा बियांच्या साठ्याला वनस्पतिशास्त्रात ‘बीजपेढी’ म्हणतात, हे वाचून पेढीवर बसणाऱ्यांना संतोष वाटल्यास नवल नाही.

यासाठी वाळवंटापर्यंत जाण्याचीही गरज नाही. साताऱ्याजवळचे कास पठार हे याच व्यवहाराचे आपल्या घरचे उदाहरण होय. जांभ्या खडकावर बोटभर मातीचा थर, चार महिने धुवाधार पाऊस आणि पुढे आठ महिने रखरखाट. सोनकी, तेरडा, कवला, सीतेची आसवे ही तेथील फुले बहुतांशी हंगामी आहेत. उन्हाळ्यात कासला गेलेल्या प्रवाशास काळा खडक तेवढा दिसतो, आणि वर्षाचा सारा ऐवज मात्र त्या बोटभर मातीत सुरक्षित असतो. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जी ३९ स्थळे जागतिक वारसा म्हणून जाहीर झाली, त्यांत कास आहे. तेथून झाड किंवा बी उचलून आणणे गैर तर आहेच, शिवाय व्यर्थही आहे. त्या फुलांना तो खडक, ते धुके आणि तो पाऊस लागतो. कासकडून घ्यावयाचे ते वेळापत्रक. फुले घ्यावयाची ती आपल्या अंगणाच्या उन्हाला साजतील अशी.

कोणती फुले निवडावीत?

रोपवाटिकांतून मिळणाऱ्या हंगामी फुलांपैकी अनेकांचे मूळ कोरड्या माळरानांत आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हारवाल्याच्या टोपलीत झेंडूशेजारी दिसणारा तांबडा-पिवळा गॅलार्डिया हे अमेरिकेच्या दक्षिण भागातील आणि मेक्सिकोतील माळांवरचे रानफूल. वनस्पतिशास्त्राच्या आश्रयदात्या एका फ्रेंच न्यायाधीशाचे नाव त्याने जगभर नेले. समुद्रकाठच्या खारट वाळूतही तो वाढतो, म्हणूनच त्याच्याकडून थोडे क्षारयुक्त पाणी चालवून घेतले जाते. हलक्या जमिनीसाठी आणि नवशिक्या हातांसाठी पहिली पसंती गॅलार्डियालाच द्यावी.

चिनी गुलाब किंवा ‘ऑफिस टाइम’ या नावाने घरोघरी असलेले पोर्टुलाका मूळचे दक्षिण अमेरिकेतील. उन्हे वर आली की फुले उघडतात आणि दुपार कलताच मिटतात. हे दुसरे नाव कोणा हजेरीपत्रकाशी संबंध असलेल्या रसिकानेच दिले असावे. आपली घोळीची भाजी याच कुळातली. तिच्या जाड पानांतील ओलावा हाताला जाणवतो, तसाच पोर्टुलाकाच्या पानांतही असतो. पाण्याची ओढ बसली की ही झाडे हवेतील कर्बवायू रात्रीच्या थंडाव्यात घेण्याची पद्धतही काही अंशी अवलंबितात, त्यामुळे दिवसा पाण्याची वाफ कमी होते. गच्चीवरील तापलेल्या कुंडीत याच्याइतके निर्धास्तपणे दुसरे काही लावता येत नाही.

मेक्सिकोचे झिनिया आणि कॉसमॉस पावसाळ्याच्या सुरुवातीस पेरावेत, दोन महिन्यांच्या सुमारास फुलतात. फ्लॉक्सची कथा थोडी हळवी आहे. थॉमस ड्रमंड हा स्कॉटिश संग्राहक १८३३-३४ मध्ये टेक्सासच्या माळांवर वनस्पती गोळा करीत हिंडला. त्याने धाडलेले बी इंग्लंडात पोहोचून फुलले, परंतु तो स्वतः १८३५ मध्ये क्यूबात मरण पावला. आज आपल्याकडील हिवाळी वाफ्यांत फुलणाऱ्या त्या हंगामी फ्लॉक्सला ड्रमंडचेच नाव आहे. केशरी रेशमासारखी कॅलिफोर्निया पॉपी ही त्या राज्याने १९०३ मध्ये आपले राज्यपुष्प म्हणून स्वीकारलेली. आपल्याकडे ती हिवाळ्यातच साधते. तिचे सोटमूळ उपटाउपटी सहन करीत नाही, तेव्हा रोप न आणता बी जागच्या जागीच पेरावे.

देशी फुलांत कुर्डू सर्वांत काटक. शेताच्या बांधावर पांढरी-गुलाबी कणसे मिरविणारे हे झाड कोवळेपणी भाजीलाही चालते आणि बागेतील मखमली कोंबडा त्याचाच आप्त आहे. तेरडा अंगणात अवश्य असावा, परंतु तो पावसाळ्यातच शोभतो. पाणी तुटले की मान टाकतो. शहरातील ज्या कुटुंबांना बियांची दुकाने दूर पडतात, त्यांनी स्वयंपाकघरातील न भाजलेले जवस मूठभर पेरून पाहावे. जवस रानफूल नाही, रब्बीचे पीक आहे. पण ओलीवर वाढणाऱ्या त्या पिकाची निळी फुले ज्यांनी सकाळी शेतात पाहिली आहेत, त्यांना अधिक सांगणे नलगे. दुपारपर्यंत पाकळ्या गळतात, एवढाच काय तो दोष.

दोन इशारे येथेच दिलेले बरे. पिवळा-केशरी कॉसमॉस इतका सहज पसरतो की पुण्याच्या परिसरात रस्त्यांच्या कडेने आणि टेकड्यांवर तो मोकाट वाढलेला दिसतो. ज्यांचे घर गवताळ माळ, टेकडी किंवा वन यांच्या निकट आहे, त्यांनी तो लावूच नये. तेथील देशी फुलांची जागा बळकावण्यास आपण हातभार का लावावा? दुसरा इशारा पिवळ्या धोत्र्याचा. मेक्सिकोतून आलेले हे काटेरी रानफूल विनापाण्याचे वाढते आणि दिसतेही देखणे. परंतु त्याचे बी विषारी आहे. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात त्याच्या तेलाची भेसळ झाल्याने अनेकांचे प्राण गेले. ते अंगणात दिसल्यास फुलण्यापूर्वीच काढून टाकावे.

पेरणी आणि पाण्याचा हिशेब

हिवाळी फुलांच्या पेरणीची वेळ लक्षात ठेवण्यास मराठी घरांना पंचांगाचीही गरज नाही. घटस्थापनेला काळ्या मातीत धान्य रुजत घालण्याची आपली रीत आहे. घट बसतात त्याच सुमारास, पाऊस सरत आलेला आणि मातीत ओल टिकून असताना, फ्लॉक्स, कॅलिफोर्निया पॉपी, गॅलार्डिया, जवस यांची पेरणी करावी. दिल्ली, इंदूर, नागपूर येथील थंडीत ही फुले अधिक खुलतात. बडोदे, हैदराबाद येथेही समाधानकारक येतात. मुंबई व कोकणपट्टीतील दमट हवेत मात्र पॉपीचा आग्रह धरू नये. तेथे पावसाळा ओसरल्यावर पोर्टुलाका आणि कुर्डू बरे.

घटाचा आणखी एक उपयोग आहे. पेरणीपूर्वी बी कसास लावून पाहावे. दहा बी मोजून ओल्या फडक्यात गुंडाळावे आणि फडके आठवडाभर ओलसर ठेवावे. सात-आठ रुजले तर बी चांगले, चार-पाच रुजले तर दुप्पट पेरावे, त्याहून कमी असल्यास पाकिटावरील चित्र कितीही मोहक असो, त्यावर विसंबू नये. पोर्टुलाका व कुर्डूचे बी मात्र उजेडाशिवाय नीट रुजत नसल्याने ते बशीत ओल्या टिपकागदावर उघडे ठेवून पाहावे.

जमिनीच्या बाबतीत नवशिक्यांची एक चूक हमखास होते. प्रेमापोटी ते वाफ्यात भरपूर शेणखत घालतात. कोरड्या माळावरच्या या फुलांना ते मानवत नाही. सुपीक मातीत कॉसमॉस पुरुषभर वाढतो, पाने लुसलुशीत येतात आणि फुलांचा पत्ता नसतो. जमीन भारी काळी असेल तर उलट वाळू किंवा बारीक मुरूम मिसळून ती हलकी करावी. पाणी साचू न देणे हीच मुख्य गोष्ट. दिवसातून किमान सहा तास ऊन मिळणारी जागा निवडावी.

वाफ्यावर पेरणीपूर्वी एक युक्ती आहे. वाफा तयार करून, पाणी शिंपून, काही न पेरता दहा-पंधरा दिवस तसाच ठेवावा. मातीतील हरळी आणि गाजरगवताचे बी उगवून वर येते, ते वरचेवर खुरपून काढावे. माती खोल उकरू नये, अन्यथा खालचे तणाचे बी पुन्हा वर येते. तणांचीही स्वतःची बीजपेढी असते आणि तिच्या ठेवी आपल्याहून मोठ्या असतात.

बी बारीक असल्याने हाताने फेकल्यास एकीकडे दाट आणि दुसरीकडे विरळ पडते. म्हणून त्याच्या आठ-दहा पट कोरडी वाळू मिसळून ते दोन वेळा, एकदा उभे आणि एकदा आडवे, फेकावे. नंतर तळहाताने किंवा फळीने हलकेच दाबावे. गॅलार्डिया व पोर्टुलाका यांच्या बीवर माती टाकू नये. झिनिया व जवस यांच्यावर अर्धा सेंटिमीटर चाळलेली माती पुरे. मुंग्या बी वाहून नेतात, त्यांच्यासाठी वाफ्याच्या कडेने राख किंवा हळद टाकण्याची घरगुती पद्धत चांगली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाकीट एकदम रिते करू नये. निम्मे बी पेरावे, चतुर्थांश तीन आठवड्यांनी पेरावे आणि उरलेले चतुर्थांश पुढील वर्षासाठी राखावे. अवकाळी पावसाने एक पेरणी वाहून गेली तरी हंगाम हातचा जात नाही. वाळवंटातील बी जे करते, तेच येथे करावयाचे.

एका लहान कुंडीत प्रत्येक जातीचे चार-पाच बी नावाची पट्टी लावून वेगळे पेरावे. वाफ्यात उगवलेली इवलीशी रोपे फुलझाडाची की तणाची, हे ओळखण्यास ती कुंडी उपयोगी पडते. या साध्या दक्षतेअभावी किती फुलझाडे स्वहस्ते उपटली जातात, याची गणती नाही.

आता पाण्याचा हिशेब. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. तीन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद, म्हणजे सहा चौरस मीटरचा वाफा धरू. तेथे हिरवळ असेल आणि उन्हाळ्यात तिला दर चौरस मीटरला रोज पाच लिटर पाणी घातले, तर दिवसाला ३० आणि मार्च ते मे या ९२ दिवसांत २,७६० लिटर पाणी लागेल. हिवाळ्याचे वेगळेच. त्याच वाफ्यात ऑक्टोबरात हंगामी रानफुले पेरली, पहिले तीन आठवडे रोज चौरस मीटरला दोन लिटर याप्रमाणे बारीक झारीने पाणी शिंपडले, तर २५२ लिटर होतात. पुढे दहा आठवडे, आठवड्यातून एकदाच, चौरस मीटरला दहा लिटर सावकाश मुरू दिले तर ६०० लिटर. एकूण ८५२ लिटर, तेही बव्हंशी गारव्याच्या दिवसांत. मार्च ते मे या काळात शून्य. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी वेगळे साठविल्यास यातील मोठा वाटा त्यातूनच निघतो. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी क्षारयुक्त असते, ते अधूनमधून गॅलार्डियाला चालेल, पण नित्य घातल्यास मातीत क्षार साठतात.

पहिल्या तीन आठवड्यांत काटकसर करू नये, हे मात्र बजावून सांगितले पाहिजे. फुटलेला मोड एकदा वाळला की त्याला पुनर्जन्म नाही. दुष्काळ सोसण्याची ताकद बीमध्ये आणि वाढलेल्या झाडात असते, कोवळ्या रोपात नसते. त्यानंतर हात आवरता घ्यावा. वरची बोटभर माती कोरडी झाल्याशिवाय पुढचे पाणी नाही, हा नियम पाळला म्हणजे मुळे खाली उतरतात.

हात आवरता घेणे किती कठीण असते, याचा दाखला थेट अंतराळातून मिळतो. २०१५ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात झिनियाची रोपे वाढविली जात होती. ओलावा फार झाला आणि पानांवर बुरशी धरली. मग पंख्याचा वारा वाढविला, तर रोपे सुकू लागली. अखेर अंतराळवीर स्कॉट केली यांनी ठरलेल्या वेळापत्रकाऐवजी रोपाकडे पाहून पाणी देण्याची मुभा मागून घेतली आणि जानेवारी २०१६ मध्ये तेथे झिनियाचे केशरी फूल उमलले. पृथ्वीपासून चारशे किलोमीटर उंचीवर जे खरे, ते अंगणातही खरे. झिनियावर पांढरी भुकटी दिसू लागली की बहुधा झारी आणि दाटी यांचीच चौकशी करावी.

दाट उगवलेली रोपे विरळ करावीत, प्रत्येकात वीतभर अंतर असावे. रोपे उपटणे जिवावर येते, हे खरे. वाळवंटात कोणी विरळणी करीत नाही. तेथे दाटीतील रोपे खुजी राहतात आणि एखाददुसरे फूल व थोडे बी देऊन संपतात. घरच्या वाफ्यात तेवढ्यावर समाधान मानावयाचे असेल तर विरळणी टाळताही येते. हार ओवण्याजोगी फुले हवी असतील तर मात्र टाळता येत नाही.

फुले सरल्यानंतर

फेब्रुवारी उजाडतो, फुले विरळ होतात, झाडे तपकिरी पडू लागतात. बागकामातील खरी कसोटी येथून पुढे आहे. नीटनेटकेपणाची सवय असलेला गृहस्थ लगेच वाफा साफ करावयास धावतो आणि वर्षाची ठेव कचऱ्यात टाकून देतो. शेजारीपाजारी विचारतात, ‘वाफा असा उजाड का ठेवला आहे?’ गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक बागेत तर हा प्रश्न सभेतच उपस्थित होतो. काही झाडे उभी वाळू द्यावीत, बी जागीच गळू द्यावे. काही बोंडे फुटण्याच्या बेतात असताना कागदी पिशवीत काढून घ्यावीत. पॉपीची शेंग तडकून बी दूर उडविते, तिच्यावर लक्ष ठेवावे लागते. पाकिटावर ‘संकरित’ असे लिहिलेले असल्यास घरचे बी मूळ फुलासारखे येईलच असे नाही, म्हणून आरंभीच सरळ वाणाचे बी घेतलेले चांगले.

गोळा केलेले बी आठवडाभर सावलीत सुकवावे. बी साठविणारे एक ढोबळ सूत्र पाळतात : बीमधील ओलावा एक टक्क्याने घटला की त्याचे साठवणीतील आयुष्य दुप्पट होते आणि साठवणीचे तापमान पाच अंशांनी घटले की पुन्हा दुप्पट. हे चक्रवाढीचे गणित आहे. म्हणजेच दमट स्वयंपाकघरातील फडताळापेक्षा घट्ट झाकणाच्या बरणीत, कोरड्या राखेसह, थंड खोलीत ठेवलेले बी कित्येक पट टिकते. लखोट्यावर जातीचे नाव आणि वर्ष लिहावे.

बी किती काळ जिवंत राहू शकते, याची परीक्षा पाहणारा एक प्रयोग अमेरिकेतील मिशिगन येथे अद्याप चालू आहे. विल्यम बील या प्राध्यापकांनी १८७९ मध्ये वीस बाटल्यांत, वीसहून अधिक जातींचे प्रत्येकी पन्नास बी ओलसर वाळूत घालून त्या बाटल्या जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एक बाटली काढावयाची आणि बी पेरून पाहावयाचे. जागा गुप्त असून बाटली रात्रीच्या अंधारात उकरली जाते, कारण उजेड लागल्यास बी जागे होण्याची भीती. २०२१ मध्ये, १४१ वर्षांनी काढलेल्या बाटलीतील व्हर्बॅस्कम नावाच्या रानफुलाचे बी रुजले. पुढील बाटली २०४० मध्ये निघावयाची आहे. घरच्या गॅलार्डियाकडून एवढी अपेक्षा नाही, दोन-तीन वर्षे टिकला तरी पुष्कळ.

मार्चपासून वाफ्यावर वाळलेल्या काड्यांचा पातळ थर राहू द्यावा. त्या काळात पाणी बंदच. नळाला एक दिवसाआड पाणी येवो, मंडळाचा आदेश निघो किंवा टँकर उशिरा येवो, या वाफ्याला त्याची झळ नाही. मे महिन्याच्या उन्हात माती तडकते, चिमण्या थोडे बी टिपून नेतात. ते धरूनच राखीव ठेवलेले असते.

मग जूनमध्ये पाऊस लागतो. आठ-दहा दिवसांत वाफ्यावर हिरवी लव दिसू लागते. तीत हरळी असते, गाजरगवत असते आणि अधूनमधून, कोणी न पेरलेली, मऊ लव असलेल्या पानांची गॅलार्डियाची रोपे असतात. खुरपे हाती घेण्यापूर्वी त्या नावाची पट्टी लावलेल्या कुंडीची आठवण ठेवावी आणि चष्मा लावून, खाली वाकून, एकेक रोप निरखावे.